वडील गेले तेव्हा रडलो नाही, प्रिन्स गेला तेव्हा रडलो

पत्राचा सारांश: कोल्हापूरच्या ४४ वर्षांच्या एका वाचकाचं हे पत्र. शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी सुरू केलेलं लेथचं छोटं वर्कशॉप ते चालवतात. आठ महिन्यांच्या आजारपणानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये वडील गेले. अंत्यविधी, रक्षाविसर्जन, उत्तरकार्य सगळं यांनी पार पाडलं, पण डोळ्यांत टिपूस आलं नाही. २१ एप्रिलला रात्री अकराच्या सुमारास मोबाइलवर बातमी दिसली, अमेरिकन गायक प्रिन्स गेला. हे गाडी काढून रंकाळ्यावर गेले आणि काचा वर करून ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी पत्नीला सांगितलं. ती म्हणाली, "आबांच्या वेळी तुमच्या डोळ्यात पाणी नव्हतं, आणि ह्या परक्या माणसासाठी?" तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रिन्सचा फोटो टाकला तर "भावा, ह्या बायकी गड्यासाठी रडतोयस व्हय?" अशी खिल्ली उडाली. जूनच्या सुरुवातीला मृत्यूचं कारण जाहीर झालं, वेदनाशामक औषधाचा अतिडोस, आणि फसवलं गेल्यासारखं वाटलं. ते विचारतात, "बापापेक्षा हा माणूस मला मोठा झाला काय? माझ्यात काय बिघाड आहे? हे सगळं गिळून गप्प बसावं काय?"

नमस्कार,

पत्राच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही एक ओळ लिहिली आहे. एप्रिलपासून रोज रात्री दोन पेग होतात आणि तरीही झोप लागली नाही तर आईंच्या झोपेच्या गोळ्यांतली एक घेता. बाकीचं सगळं नंतर, आधी हे. दारू आणि झोपेची गोळी एकत्र घेणं आजच्या आज बंद करा. दोन्हींनी गुंगी येते, दोन्हींनी श्वास मंदावतो. दोन्ही मिळून तो किती मंदावेल हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो, कारण तोवर तो झोपलेला असतो. आईंची गोळी डॉक्टरांनी आईंचं वय आणि त्यांची बाकीची औषधं बघून लिहून दिली आहे, ती तुमच्यासाठी नाही. झोप लागत नाही, हे स्वतंत्र दुखणं आहे आणि त्यावर इलाज आहे. नेहमीच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, दारूचंही सांगा. सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. उद्यमनगरातलं कुणी बघेल ही भीती वाटत असेल, तर ज्यांना पाठदुखीसाठी दाखवता त्याच डॉक्टरांपासून सुरुवात करा.

आता तुमचे प्रश्न. ते तिन्ही एकाच समजुतीवर उभे आहेत: अश्रू म्हणजे प्रेमाचं माप. ज्याच्यासाठी जास्त रडलो तो जास्त जवळचा. ही समजूत तुमच्या पत्नीचीही आहे, बहुधा ग्रुपवरच्या मित्रांचीही आहे, म्हणून तुम्ही ती तपासून पाहिलेली नाही. पण तुमचं पत्रच तिच्या विरोधात साक्ष देतं.

तुम्ही लिहिलंय की होळीला तालमीने यंदा होळी लहान केली, आणि पंचगंगेच्या स्मशानभूमीला द्यायच्या शेणींचा, म्हणजे गोवऱ्यांचा, टेम्पो तुम्ही स्वतः भरला, रचला, तिथे नेऊन उतरवला. आबांना जाऊन तेव्हा महिना-सव्वा महिना झाला होता. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, इथे महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, आणि चितेला लागणाऱ्या शेणी पुष्कळशा लोकांनी दान दिलेल्या असतात. होळीच्या सुमारास तालमी, मंडळं, अगदी गल्लीतली पोरंसुद्धा शेणी गोळा करून देतात. ज्या शेणींवर आपला बाप जळाला त्या कुणा अनोळखी माणसांनी दिल्या होत्या, आणि महिन्याभरात तुम्ही तसाच टेम्पो भरून दुसऱ्यांच्या बापांसाठी नेलात. हा शोक नाही तर काय आहे? तुम्ही तो हातांनी केलात. आपल्याकडे थोरल्या मुलाला बहुतेक वेळा तेवढीच मुभा असते. मयताच्या घरी त्याने फोन करायचे, गाड्या बघायच्या, भावकीला सांगायचं, बहिणीला सावरायचं, भटजींना विचारायचं. तो रडायला लागला तर बाकीचे कुणाकडे बघणार, असं त्याला कुणी न सांगताही समजलेलं असतं.

शिवाय आठ महिन्यांचं आजारपण. इतके दिवस जो माणूस डोळ्यांदेखत झिजत जातो, त्याच्यासाठी घरातले त्याच्या हयातीतच थोडं थोडं रडून घेतात, पुष्कळदा नकळत. शेवटी तो जातो तेव्हा दुःखाबरोबर सुटकाही वाटते, आणि सुटका वाटली याची लाज वाटते. तुम्ही सुटकेबद्दल काही लिहिलेलं नाही. वाटली असेल तर त्यात पाप नाही, एवढंच सांगते. आबांचा त्रास संपावा असं ज्याला वाटलं त्याला आबा नको होते असा त्याचा अर्थ होत नाही.

आता इथे एक सोपं उत्तर समोर आहे, आणि तुमच्या ओळखीतलं कुणीतरी समजूतदार माणूस ते तुम्हाला देईलच: "तू प्रिन्ससाठी रडलासच नाहीस, तू वडिलांसाठी रडलास." मी हे म्हणणार नाही. त्या रात्रीच्या रडण्यात आबा होते का? असणारच. दोन महिने साठलेलं पाणी होतं, आणि गाडीत तुमच्याकडून कुणाला काही अपेक्षा नव्हती. पण म्हणून प्रिन्स नुसतं निमित्त होता असं ठरवून टाकलं, तर तुम्ही पुन्हा त्याला लपवायला सुरुवात कराल, जसं गेली पंचवीस-सत्तावीस वर्षं लपवत आलात. पत्नीला बरं वाटावं म्हणून "ते आबांसाठीच होतं गं" असं सांगाल, आणि ते अर्धंच खरं असेल. तुम्हाला दोन माणसं गेल्याचं दुःख आहे. दोन्ही दुःखं खरी आहेत.

कारण प्रिन्स तुम्हाला काय होता, हे तुम्ही लिहिलंय. १९८९ साली मुंबईच्या मामेभावाने 'पर्पल रेन'ची कॅसेट दिली. तुम्ही तंत्रनिकेतनात होता, पहाटे तालमीत जायचात. कॅसेटच्या वेष्टणावर मोटरसायकलवर बसलेला एक किरकोळ अंगाचा माणूस, जांभळा कोट, झालरीचा शर्ट, डोळ्यांत काजळ. तुम्ही ते वेष्टण काढून ठेवलंत आणि कॅसेट दुसऱ्या डबीत घातलीत. ऐकलीत मात्र फीत घासून जाईपर्यंत. "गडी कसा असतो याचा एकच नमुना मी बघितला होता, हा दुसरा निघाला," हे तुमचं वाक्य. अठराव्या वर्षाच्या आत-बाहेर असलेल्या पोराला असा दुसरा नमुना दाखवणारा माणूस परका कसा म्हणायचा? तुम्ही त्याला कधी भेटला नाहीत, हे खरं. पण तुमच्या घडणीत त्याचा हात आहे आणि तुम्हाला तो माहीत आहे.

आणि मग पत्रात कंसात लिहिलेला तो प्रसंग. मला वाटतं संपूर्ण पत्रातली सर्वांत मोलाची जागा ती आहे, आणि तुम्ही ती कंसात टाकली आहे. एका दुपारी वर्कशॉपमधल्या टेपवर कॅसेट चालू होती. आबांनी लेथ बंद केला, हात पुसत विचारलं, "ह्यात वाजवणारी माणसं किती?" तुम्ही सांगितलंत की ह्याची पहिली तबकडी निघाली तेव्हा हा १९ वर्षांचा होता, आणि त्यातली सगळी वाद्यं, २७ म्हणतात, ह्याने एकट्यानेच वाजवली होती. आबा म्हणाले, "मग कारागीर आहे." आणि लेथ चालू केला.

तुम्ही सांगितलंत ते बरोबर होतं. १९७८ च्या त्या पहिल्या तबकडीवर रचना, वादन, गायन, निर्मिती, सगळीकडे त्याचंच नाव आहे. आबांनी झालर बघितली नाही, काजळ बघितलं नाही, काम बघितलं. तालमीत उभी हयात गेलेल्या त्या माणसाने प्रिन्सला ज्या एका वाक्यात पास केलं, त्या वाक्याची साक्ष देणारं आता कुणी उरलं नाही, तुमच्याशिवाय. फेब्रुवारीत ऐकणारा गेला, एप्रिलमध्ये वाजवणारा. तुमचं रडणं मला तरी यात कुठेही बिघडलेलं दिसत नाही.

पुढे त्याने जे केलं तेही उद्यमनगरच्या माणसाला चटकन कळण्यासारखं आहे. पार्ट आपण बनवायचा आणि त्यावर नाव बड्या कंपनीचं, हे जॉबवर्क करणाऱ्याला नवं नाही. प्रिन्सचं वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीशी भांडण झालं ते यावरूनही: गाणी माझी, तर त्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी तुमची कशी? १९९३ साली ३५ व्या वाढदिवशी त्याने स्वतःचं नावच टाकून दिलं आणि त्याजागी एक चिन्ह घेतलं, पुरुषाची आणि स्त्रीची खूण एकात गुंफलेलं, ज्याला उच्चारच नव्हता. वर्तमानपत्रांना ते छापता यावं म्हणून कंपनीला फ्लॉपी पाठवाव्या लागल्या. गालावर 'गुलाम' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहून तो लोकांपुढे यायचा. लोक हसले. करार संपल्यावर, २००० साली त्याने नाव परत घेतलं, आणि २०१४ मध्ये जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्कही मिळवले. मरण्याआधी दोनच वर्षं.

आता ग्रुपवरची खिल्ली. "बायकी" हा शेरा मारणाऱ्यांना राग येऊन उत्तर देऊ नका, पण तो शेरा म्हणजे कोल्हापूरचा आवाज आहे असंही समजू नका. तुम्ही लिहिता, "आपल्या रांगड्या गावात हे कुणाला कळणार?" मला हे मान्य नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं केलं आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर. पलीकडे पैलवान शड्डू ठोकत होते आणि अलीकडे पुरुष नऊवारी नेसून, नाकात नथ घालून गात होते, आणि दोन्हीकडे गर्दी याच गावाची होती. त्या थिएटरला आज ज्यांचं नाव आहे ते केशवराव भोसले लहान वयात 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने गाजले. याच गड्याने पुढे धैर्यधर या शूर नायकाची तडफही दाखवली, १९२१ साली दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेल्या संयुक्त 'मानापमान' नाटकात, बालगंधर्वांच्या नायिकेसमोर, भामिनीसमोर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले, वय अवघं ३१. त्यांच्यासाठी ज्यांनी डोळे पुसले असतील त्यांना कुणी बायकी म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

पण चित्र नुसतं गोडही करत नाही. आपल्याच कोल्हापूरचे गणपत पाटील तमाशापटांत नाच्या उभा करायचे. पडद्यावर शिट्ट्या पडायच्या, आणि पडद्याबाहेर या संसारी माणसाला तोच शिक्का आयुष्यभर वागवावा लागला, घरच्यांनाही त्याची झळ बसली. म्हणजे रंगमंचावर मर्यादा ओलांडलेली आपल्याला चालते, आवडते, पण त्या माणसाला माणूस म्हणून जवळ करायची वेळ आली की आपण मागे सरतो. तुमच्या मित्रांनी नेमकं तेच केलं. तुम्ही तसे मागे सरला नाहीत, एवढाच फरक.

ग्रुपवर वाद घालून काही साधणार नाही. पन्नास जणांसमोर कुणीच हळवं बोलत नाही. तुम्ही लिहिलंय की त्यांच्यातल्याच एकाने नंतर स्वतंत्र मेसेज केला होता, "वाईट वाटलं भावा," आणि तुम्ही त्याला काही उत्तर दिलं नाही. का नाही दिलंत? तुम्हाला समजून घेणारं कुणी नाही या तक्रारीत हा माणूस मोजायचा राहून गेलाय. त्याला वर्कशॉपवर बोलवा, चहा पाजा. तिकडे मिनिआपोलिसला, त्याच्या गावी, बातमी आली त्या रात्री लोक फर्स्ट ॲव्हेन्यू क्लबबाहेर रस्त्यावर जमले आणि रात्रभर त्याच्या गाण्यांवर नाचत रडले. पूल जांभळ्या दिव्यांनी उजळले होते. त्यांना एकमेकांचे खांदे मिळाले. तुम्ही एकटे गाडीत होतात. दुःख सोसायला माणूस लागतं, एक असलं तरी चालतं.

मृत्यूच्या कारणाबद्दल. २ जूनला अहवाल आला: फेंटॅनिल या वेदनाशामकाचा अपघाती अतिडोस. फेंटॅनिल हे मॉर्फिनपेक्षा ५० ते १०० पट तीव्र असतं, मात्रेतला किंचितसा फरकही जीव घेतो. तुम्ही म्हणता, दारूलाही न शिवणारा अशी ज्याची ख्याती त्याने आम्हाला फसवलं. यात फसवणूक कुठली आली? त्याच्यासोबत वर्षानुवर्षं वाजवणाऱ्या शीला ई. यांनी सांगितलंय की उंच टाचांच्या बुटांनी मंचावरून उड्या मारून मारून त्याचे खुबे आणि गुडघे कामातून गेले होते. ज्या टाचांवर तुमचे मित्र हसतात त्या टाचांची किंमत त्याने हाडांनी मोजली आणि ते दुखणं लोकांपासून लपवलं. जवळच्या माणसांनाही त्याची पुरती कल्पना नसावी. लपवायची सवय जुनी होती. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचं बाळ जन्मानंतर आठवडाभरात गेलं. त्यानंतर टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याने बाळासाठी केलेली खोली दाखवली आणि सगळं ठीक असल्यासारखं बोलला. त्याच नोव्हेंबरमध्ये निघालेल्या तबकडीवर त्या बाळाच्या पोटातल्या ठोक्यांचा आवाज आहे. तेव्हा तो रडला का, कुठे रडला, हे जगाने पाहिलं नाही. त्याच्या दुःखाचं माप तुम्ही त्यावरून काढाल का? मग स्वतःचं का काढता?

त्याच्याकडून घ्यायचं तेवढं घ्या, हे मात्र घेऊ नका. दुखतंय ते डॉक्टरला सांगायचं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावात दिवसभर मशीनवर उभी राहणारी शेकडो माणसं कंबरेसाठी, गुडघ्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीविना गोळ्या घेतात आणि वर्षानुवर्षं त्यावर काम रेटतात. साध्या वेदनाशामक गोळ्यांनीही किडनी आणि पोट बिघडू शकतं. तुमच्या हाताखालच्या कामगारांनाही हे सांगा.

शेवटी तुमच्या पत्नी. तुम्ही त्यांच्या प्रश्नाला आरोप समजलात. मी तो वेगळा ऐकला. आठ महिने आबांचं पथ्यपाणी, औषधाच्या वेळा, रात्रीची जाग कुणी केली, हे तुमच्या पत्रात एका वाक्यात आलंय: "बायकोनं फार केलं." तुम्ही रडला नाहीत म्हणून त्यांना राग आलाय, की एवढं करूनही त्यांना कुणी विचारलं नाही म्हणून? सासऱ्याच्या मृत्यूनंतर सुनेला कोण विचारतं? लोक मुलाचं सांत्वन करतात, सासूचं करतात, ती चहा ठेवत असते. आणि ज्या रात्री तुम्हाला अखेर रडू फुटलं, त्या रात्री तुम्ही शेजारी झोपलेल्या माणसाला न उठवता रंकाळ्यावर गेलात. मला वाटतं लागलेला काटा तो आहे.

तेव्हा खुलासा द्यायला जाऊ नका, आधी विचारा. "आबांचं तू सगळं केलंस, तुला कसं वाटतंय?" आणि मग गप्प बसा, त्यांना बोलू द्या, त्या प्रिन्सबद्दल चिडून बोलल्या तरी मध्ये तोंड घालू नका. त्यांचं बोलून झाल्यावर, त्याच दिवशी किंवा आणखी चार दिवसांनी, कॅसेटचं वेष्टण काढून ठेवलं होतं ते सांगा. आबांनी लेथ बंद करून विचारलेला प्रश्न सांगा. एवढ्या वर्षांच्या संसारात हे दोन्ही त्यांना माहीत नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. आईंनाही तो लेथचा किस्सा ऐकवा. नवऱ्याची एखादी न ऐकलेली गोष्ट नव्याने ऐकायला मिळणं यासारखं त्यांना आत्ता दुसरं काही मिळणार नाही. गाणं लावायचंच झालं तर आधी संथ लावा, दणदणीत नको, आणि ते त्यांना आवडलंच पाहिजे असा आग्रह धरू नका.

गिळून गप्प बसावं काय, असं विचारलंत. नाही. पण साऱ्या गावाला समजावत फिरायचीही गरज नाही. पत्नी, आई, तो मेसेज करणारा मित्र, एवढी माणसं पुष्कळ झाली. वर्कशॉपमध्ये टेप अजून असेल तर दुरुस्त करून घ्या.

ज्या वाचकांना हे पत्र आपलंच वाटलं, ज्यांनी आवडता गायक, नट, खेळाडू गेल्यावर घरात कुणाला न सांगता डोळे पुसले, त्यांनाही एक सांगते. असं दुःख काही आठवड्यांत आपोआप हलकं होत जातं. गाणं ऐकताना घसा दाटला तरी जेवण, काम, झोप चालू राहतं. तसं होत नसेल, दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, कामावर जाववत नसेल, रोज दारू लागत असेल किंवा जगू नये असं मनात येत असेल, तर गेलेला माणूस नात्यातला होता की नाही याचा विचार करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. दादा, तुमच्या बाबतीत यातल्या दोन गोष्टी आधीच आहेत. या आठवड्यातच जा, आणि जाताना पत्नीला बरोबर न्या.